एकेचाळीस अर्ज, एक अक्षर

वाचनालयात मदतनिसाची जागा निघाली होती. एकच! सकाळी जाहिरात वाचल्यापासून सूनबाईचं घरात लक्ष लागेना. सात वर्षं घरात बसून तिचा जीव उबगला होता, आणि पुस्तकांत राहायचं काम दुसरीकडे कुठं मिळणार? तिनं सासऱ्यांना बजावलं, "बाबा, कुणाला बोलू नका हं. अर्ज जितके कमी, तितकं बरं."

"मी कशाला बोलतोय?" असं म्हणून बाबा खाली फेरफटका मारायला गेले.

तासाभरात वरच्या मजल्यावरच्या काकू कोरा अर्ज घेऊन दारात हजर. "तुझं अक्षर कसं मोत्यासारखं! माझं म्हणजे कोंबडीचे पाय. एवढा भरून दे गं."

"काकू, तुम्हाला नोकरी करायचीय?"

"वयाची अट नाही म्हणे. घरात माझं ऐकतं कोण? तिथं निदान 'शांतता राखा' असं ओरडता तरी येईल."

नाही म्हणणं सूनबाईच्या जिवावर आलं. तिनं अर्ज भरला आणि तिथंच फसली. काकूंनी शिंप्याला सांगितलं, शिंप्यानं गिऱ्हाइकांना. दाराची बेल थांबेना. कोपऱ्यावरच्या पैलवानाला 'आवडते पुस्तक' या रकान्यात काय लिहायचं तेच कळेना. "काहीतरी जाडसं लिहा ताई," तो म्हणाला. आठ दिवसांत तिनं चाळीस अर्ज भरले. स्वतःचा एकेचाळिसावा शेवटच्या दिवशी, गॅसवर दूध ठेवून, घाईघाईत भरला. दूध उतू गेलं ते गेलंच.

"स्वतःच्या हातानं चाळीस वैरी तयार केलेस," नवरा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा!"

मग वाट पाहणं सुरू झालं. दिवसातून सहा वेळा ती जिना उतरून पत्रपेटी उघडायची. रात्री कूस बदलून बदलून चादरीची दोरी व्हायची. जाता-येता काकू विचारत, "आलं का गं माझं काही?" अस्सा राग यायचा!

शेवटी एके दुपारी दोन पाकिटं आली. तिनं स्वतःचं फोडलं. 'अर्ज उमेदवाराने स्वहस्ते भरावा, ही अट मागील बाजूस छापली होती. आलेल्या बेचाळीसपैकी एकेचाळीस अर्ज एकाच अक्षरात असल्याने रद्द करण्यात येत आहेत.'

मागची बाजू! ती मट्कन खाली बसली. डोळे भरून आले. पण बेचाळिसावा कुणाचा? तिनं दुसरं पाकीट पाहिलं. त्यावर बाबांचं नाव होतं आणि आत नेमणुकीचं पत्र.

बाबा खिडकीबाहेर बघू लागले. "सगळी बिल्डिंग भरतेय, म्हटलं आपणही भरावा. तुला सांगायची लाज वाटली, म्हणून माझा मीच खरडला. मला काय ठाऊक, निवड होईल म्हणून?"

सूनबाई संतापली, रडली आणि मग तिला हसूच आवरेना.

"मी उद्याच नकार कळवतो," बाबा म्हणाले. "पुन्हा जाहिरात निघेल, तेव्हा तू—"

"अजिबात नाही! पुन्हा सगळी पलटण दारात? तुम्ही रुजू व्हा. आणि पहिल्याच दिवशी लिहून द्या, वयोमानानुसार हाताखाली एक माणूस हवं, सून यायला तयार आहे."

बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी कागद आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. "लिही मग छानसं."

तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. "तुम्हीच लिहा, बाबा. माझं अक्षर तिथं सगळे ओळखतात."