मुरलीअण्णांचा लाइव्ह अल्बम

आमचे शेजारी मुरलीअण्णा औताडे गिटार वाजवताना मध्येच खोकायचे. सर्दी वगैरे काही नसायची. तरुणपणी छावणीच्या बाजारातून त्यांनी कुठल्याशा परदेशी बँडच्या कार्यक्रमाची कॅसेट आणली होती. तिचं कव्हर हरवलेलं, त्यामुळे बँडचं नाव कधी कळलंच नाही. अण्णांनी तिच्यावरून गिटार उचलली आणि तिसऱ्या गाण्यात कुणीतरी श्रोता खोकला होता, तर तो खोकलाही उचलला.

"खोकला नाय, खुर्ची वाजत नाय, ते कसलं रेकॉर्डिंग?" ते म्हणायचे. "माणसं नसलेलं गाणं बेवारशी."

अण्णा लासूर स्टेशनचे, शेतकरी घरातले. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांना छावणीतला जोसेफ भेटला आणि दोघांनी आणखी दोन मित्र धरून बँड काढला. दोन गिटारी, एक माउथ ऑर्गन आणि लाकडी खोक्यावर ठेका धरणारा एक जण. गाणी मराठी, स्वतःच रचलेली. अण्णा मात्र त्याला ठणकावून रॉक म्हणायचे. भारनियमनाच्या दिवसांत शहरातले ऑर्केस्ट्रे गप्प पडले, तेव्हा हे बिनविजेचे वाजत राहिले. बँडचं नाव 'चौघं'. पुढं एक जण वारला, एक लेकाकडं पुण्याला गेला. मी म्हटलं, अण्णा, आता नाव बदला. तर म्हणाले, "बदलून काय ठेवू, दोघं? ते तर नवरा-बायको असत्यात."

मग तो दुष्काळाचा उन्हाळा आला. गारखेड्यात नव्या कॉलन्या वाढत गेल्या, जलवाहिनी जुनीच राहिली. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, तेही करंगळीएवढं. अशात अण्णांनी जाहीर केलं, "चाळीस वर्षं झाली. लाइव्ह अल्बम करायचा. औंदाच."

"पाऊस पडू द्या की आधी," मी म्हटलं.

"पाऊस थांबंल. आपलं नाय थांबत." एवढंच म्हणाले. त्यांच्या मानानं हे फारच थोडं बोलणं होतं.

रेकॉर्डिंगला बिडकीनची कांचन आली. एरवी ती भजनं आणि लग्नं रेकॉर्ड करायची. कॉलनीच्या हॉलमध्ये संध्याकाळी सहाला साठेक माणसं जमली. अण्णांनी सगळ्यांना सांगितलं, "खोकला आला तर दाबू नका." लोक इतके आज्ञाधारक, की पहिलं गाणं कमी आणि खोकलाच जास्त ऐकू आला.

चौथं गाणं सुरू होतं तोच टँकरचा हॉर्न वाजला. दोन मिनिटांत हॉल रिकामा. मीही पळालो, लपवत नाही. माझी पिंपं भरून परत आलो, तोवर बाकीचेही ओल्या चपलांनी येत होते. अण्णा मंचावर उभे राहून कडाडत होते.

"लाजा वाटत्यात का? तुमच्या हॉर्नमुळं माझा सूर गेला! सगळं पुन्हा! पण आधी बोलणार मी!"

आणि ते बोलले. पंधरा मिनिटं. पाणी, नगरसेवक, आमची चव, सगळ्यांवर. आम्ही माना खाली घालून ऐकलं. जोसेफ शेजारी मांडीवर टॉवेल घेऊन बसला होता. नंतर गाणं पुन्हा झालं आणि काय वाजवलं जोसेफनं!

महिनाभरानं अल्बमची प्रत द्यायला कांचन घरी आली. "काका, त्या दिवशी माइक चालूच होता," ती म्हणाली. "अण्णांनी तेवढा तुकडा काढायला लावला. तुम्ही ऐका, कुणाला सांगू नका."

मी हेडफोन लावला. रिकामा हॉल. एक गिटार मध्येच अडखळून थांबली. मग जोसेफचा आवाज, "मुरली, उंगलियां नहीं उठ रहीं रे. छोड दे."

"छोडतो कसा? गरम पाण्याचा टॉवेल आणलाय मी."

"लोग आ जाएंगे."

"येऊ दे. मी भांडत बसतो. तू बोटं मोकळी कर."

नंतर कळलं, बोटं आखडण्याचा जोसेफचा आजार डॉक्टरांनी हिवाळ्यातच सांगितला होता. पुढच्या वर्षी त्याला गिटार धरता येणार नव्हती. आमच्यात हे एकट्या अण्णांना ठाऊक होतं.

झालंही तसंच. अण्णा मात्र अजून रोज स्कूटरवरून छावणीला जातात. विचारलं तर, "प्रॅक्टिस." परवा त्या बाजूला काम होतं म्हणून मीही गेलो. दार उघडंच होतं. जोसेफ पलंगावर बसलेला. अण्णा त्याच्यासमोर वाकून, एकेक करत त्याच्या शर्टाची बटणं लावत होते.

मी हाक न मारता तसाच मागं फिरलो.