खेकसेकाका गोड बोलतात

बसा, बसा असे इकडे. चहा निवेपर्यंत एका माणसाची गोष्ट सांगतो. हसायचं तर हसा, पण जरा बेतानं, कारण तो माणूस अजून रडकुंडीला आलेला आहे.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्याची खानावळ. भात आणि मासळी, दुसरं काही नाही. मालकाला सगळे खेकसेकाका म्हणतात. खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागतं. खानावळीचा कायदा एकच, ताटात टाकायचं नाही. भात उरला की काका चुलीमागून खेकसणार, "बस खाली. कोणासाठी ठेवलंस ते?" गिऱ्हाईक हमाल असो की बँकेचा साहेब, मुकाट बसून ताट पुसूनच उठणार. लोक तिथे जेवायला कमी आणि बोलणी खायला जास्त यायचे.

हाच कायदा काकांच्या मुळावर आला. मुलीनं लग्न ठरवलं आणि तो पोरगा बापाला दाखवायला खानावळीत आणला. पोरगा लाजराबुजरा, सासऱ्यासमोर घास उतरेना. अर्धा भात टाकून उठला. भरल्या खानावळीत काका खेकसले, "बस खाली." पोरगा बसला नाही. तो गेला, त्याच्या मागोमाग मुलगी गेली. दुसऱ्या शहरात लग्न झालं, संसार सुरू झाला. मुलगी आईशी फोनवर बोलते. बापाशी नाही.

आणि अशात टीव्हीवाल्यांचा निरोप आला. खाण्याचा आणि भटकण्याचा कार्यक्रम. एका दिवसात अख्खं शहर खायचं आणि संध्याकाळच्या विमानानं पुढचं शहर खायला जायचं. त्यात काकांच्या वाट्याला जेमतेम पाव तास.

"पोरगी बघते ना हा कार्यक्रम?" काकांनी बायकोला विचारलं.

"एक चुकवत नाही."

"मग बघू दे तिला. बाप किती निवळलाय ते."

"कधी निवळलात?" बायको म्हणाली. "मला कळवलं नाहीत."

तेव्हापासून काका हात धुवायच्या जागेवरच्या आरशात हसायचा सराव करायला लागले. बायकोनं दोनदा विचारलं, दाढ दुखतेय का म्हणून.

तो दिवस उजाडला. दिवे लागले, वायरी पसरल्या. नेहमीच्या कोपऱ्यात शिंपी जेवत होता. त्या उजेडानं बिचकला आणि मूठभर भात टाकून उठला. उठल्यावर त्याच्या ध्यानात आलं. मान खाली घालून, बोलणी खायला तयार होऊन उभा राहिला.

"राहू दे रे," काका म्हणाले. "भूक नसेल तुला."

शिंपी पांढराफटक पडला. तसाच बाहेर जाऊन न्हाव्याला म्हणाला, "काकांचं काही खरं नाही. डॉक्टरांनी हात टेकले असणार." न्हावी वस्तरा टाकून धावला, त्याच्या मागे अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक धावलं. बघता बघता सगळी गल्ली दारात. इस्त्रीवाली डोळे पुसत पुढे आली.

"काका, आमचं काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला."

"अगं, मला काही झालेलं नाही," काका हसून म्हणाले. ते हसू बघून ती हमसाहमशी रडायलाच लागली.

आता टीव्हीवाली बाई वैतागली. "काका, तुम्ही ओरडत का नाही? आम्ही एवढ्या लांबून त्यासाठीच आलोय."

"मी? मी कधी आवाज चढवून बोललो नाही हो."

आत बायकोच्या हातातून वाढायचा डाव पडला.

कार्यक्रमातला खाणारा माणूस टोपीवाला होता. चार ठिकाणी जेवूनच आलेला. त्यानं दोन घास खाल्ले, कॅमेऱ्याकडे बघून "अप्रतिम" म्हणाला आणि ताट सारलं. "चला, पुढे जायचंय." काकांच्या कपाळाची शीर टरारून फुगली, पण तोंड हसतच होतं. पोरीचा चेहरा डोळ्यांसमोर धरून उभे होते बिचारे. तेवढ्यात टोपीवाल्यानं तोंड पुसलेला कागद चुरगाळला आणि रश्शाच्या वाटीत टाकला.

"बस खाली."

टोपीवाला बसला.

"कोणासाठी ठेवलंस ते? माझी बायको पहाटे उठून गार पाण्यात ही मासळी साफ करते. दोन घास खाऊन अप्रतिम म्हणतोस? अप्रतिम आहे ना, मग गिळ." काकांनी दुसरी वाटी आणून त्याच्यापुढे आदळली. टोपीवाला टोपी काढून शेवटच्या शितापर्यंत जेवला.

"काका बरे झाले रे," दारातून शिंपी म्हणाला, आणि गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

काका मात्र डोकं धरून बाकावर बसले. "बाई, तेवढं कापा. माझी पोरगी बघते हो."

"काका," बाई म्हणाली, "तेवढंच तर ठेवणार आहे."

आणि ठेवलं की. कार्यक्रमात काकांचं एवढंसंही हसू नाही, नुसतं "बस खाली." काकांनी टीव्ही बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. "गेली. आता कायमची गेली."

फोन वाजला. बायकोनं घेतला, बराच वेळ नुसती हं हं करत राहिली.

"रविवारी खानावळीत जेवायला येतायत," ती फोन ठेवून म्हणाली. "दोघंही. जावई म्हणतो, मला वाटायचं तुझ्या बापाला मीच पसंत नाही. हा माणूस तर टीव्हीवाल्यालाही तसाच बसवतो."

काका ताडकन उठून बसले. चेहरा उजळेल असं वाटलं, तर उलट आणखीनच उतरला.

"आणि त्यानं परत भात टाकला तर?"

"तर गप्प बसायचं."

"गप्प बसून काय होतं ते बघितलंस ना? वाटीत कागद बघेपर्यंतच टिकलो."

"मग ओरडा."

"आणि परत उठून गेला तर?"

भात कमी वाढावा, तर जावयाला उपाशी ठेवला म्हणतील. काकांनी त्या दिवशी बाहेरगावी जावं, तर पोरगी म्हणणार बापानं तोंड चुकवलं. माणूस अगदी खंगलाय हो. काल मासळीत मीठ दोनदा पडलं आणि कोणी बोललंही नाही.

म्हणून म्हणतो, रविवारी दुपारी मोकळे असलात तर एवढं करा. त्या जावयाच्या शेजारच्या टेबलावर जेवायला बसा, आणि कितीही चांगलं लागलं तरी थोडा भात ताटात टाकून उठा. त्याच्या वाट्याची बोलणी तेवढी तुम्ही खा.