सहारेभाऊंचे दहा ठोके

आमच्या वरच्या मजल्यावरचे सहारेभाऊ नवा शर्ट घेतला की कसा दिसतो ते दहा जणांना विचारतात. नऊ नाही, अकरा नाही. मध्यंतरी सीताबर्डीवरून एक जांभळा शर्ट आणला, तर जिन्यात मला अडवून म्हणाले, सातव्या तुम्ही, खरं सांगा. मी म्हटलं, बरा आहे. त्यांनी ते खिशातल्या वहीत लिहून घेतलं आणि आठव्याच्या शोधात खाली गेले. मग दहाही मतं वाइटापासून चांगल्यापर्यंत ओळीने मांडायची आणि मधलं धरायचं. दहांत मधलं एक नसतंच, दोन असतात. त्यामुळे तो शर्ट 'ठीक' आणि 'बरा' यांच्या मध्ये कुठेतरी ठरला. भाऊ आठवडाभर त्याच समाधानात वावरत होते.

"एक जन झूट बोलू शकते ताई, दहा नाही बोलत," हे त्यांचं पालुपद.

वरणातलं मीठही ते दहा चमचे चाखून ठरवतात, तोवर वरणच संपतं. बायको होती तोपर्यंत म्हणे तिला एकटीला विचारून भागायचं. ती गेली आणि हा दहांचा कारभार सुरू झाला. पण निम्मा दोष नोकरीचाही आहे.

भाऊ मुलांच्या एका दवाखान्यात लिव्हर तपासायचं मशीन चालवतात. यकृताला आतून व्रण पडत गेले की ते कडक होत जातं. पूर्वी ते बघायला सुई घालून तुकडा काढावा लागायचा. आता बरगड्यांच्या मध्ये मशीनची दांडी टेकवतात. ती टिचकीसारखा ठोका देते आणि त्या ठोक्याची लहर आत किती वेगाने गेली ते मशीन मोजतं. यकृत मऊ असेल तर सावकाश, कडक असेल तर भरभर. असे दहा ठोके घ्यायचे आणि मधला आकडा धरायचा.

मला हे सगळं पाठ आहे ते आमच्या चैतूमुळे. ती माझी लेक, नऊ वर्षांची आहे. जन्मली तेव्हाच पित्ताच्या नळ्या बंद होत्या. तान्ही असतानाच ऑपरेशन झालं, पण यकृतावर नजर ठेवावी लागते. दर सहा महिन्यांनी उपाशीपोटी आम्ही दवाखान्यातल्या भाऊंच्या खोलीत जातो.

ती खोली मला आवडते, असं म्हटलं तर लोक वेड्यात काढतील. पडदे ओढलेले असतात, मशीन बारीक घुमत असतं. चैतू उजवा हात डोक्याखाली घेऊन पडते आणि भाऊ प्रत्येक ठोका कुठे पोचला ते सांगतात. पहिला कन्हानच्या पुलावर उभा राहून पाणी बघतो. पाचवा काटोलच्या वाटेला लागतो. आठवा संत्र्याच्या झाडाखाली आडवा होतो. लहर कशी रमतगमत गेली पाहिजे, असं भाऊंचं म्हणणं. पळणारी लहर त्यांना आवडत नाही. दहाव्या ठोक्यापर्यंत चैतू अर्धी झोपेत असते, आणि खरं सांगायचं तर मीही. मला वाटत राहतं, हिच्या पोटात खरोखरच एक मऊ, ओलसर मुलूख आहे आणि तिथे कुणालाच कुठे पोचायची घाई नाही.

या खेपेला पहिला ठोका पुलावर पोचला आणि भाऊंची गोष्ट तिथेच थांबली. पडद्यावरचे आकडे बघत त्यांनी दहा पुरे केले. मग म्हणाले, माझा हात हलला असेल, पुन्हा घेतो. पुन्हा दहा झाले. मग कातडीवरची चिकट जेल पुसून नव्याने लावली, चैतूला जरा सरकवलं आणि परत दहा घेतले.

"काका, दहाच असतात ना?" चैतूने छताकडे बघत विचारलं.

भाऊंनी दांडी बाजूला ठेवली. पहिल्या दहांचा मधला आकडा कागदावर लिहिला आणि माझ्याकडे न बघताच कागद पुढे केला. डॉक्टर म्हणाल्या, कडकपणा वाढलाय, औषध बदलू, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. घरी येऊन मी कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायच्या विसरले. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

संध्याकाळी भाऊ आले. अंगात तोच जांभळा शर्ट होता, पण खिशात वही नव्हती. खुर्चीच्या कडेवर बसले. दिलेलं पाणी तसंच हातात धरून राहिले.

"तीस ठोके मारले ताई," ते म्हणाले. "एखादा तरी झूट बोलन, म्हणून पाहून राहिलो होतो. एकही नाही बोलला."

मला रडू आलं. त्यांनाही येत होतं, पण तेवढ्यात चैतू बाहेर आली आणि तिने तक्रार मांडली की पुलावरचा तो ठोका अजून तिथेच उभा आहे, त्याचं पुढे काय झालं ते काकांनी सांगितलंच नाही.

भाऊंनी पेला खाली ठेवला. तिला दिवाणावर झोपवलं, हात डोक्याखाली घ्यायला लावला आणि तिच्या बरगडीवर एका बोटाने हलकेच टकटक केली. मग बराच वेळ थांबून दुसरी. त्या संध्याकाळी काटोल यायला फार वेळ लागला, आणि आम्हा तिघांपैकी कुणालाच घाई नव्हती.