एझ्राकाकांचा काटा

एझ्राकाकांच्या गॅरेजात गाडीला काय झालंय हे सांगायची सोय नाही. "काका, गाडी ओढत नाही," एवढं म्हणायचा अवकाश, की काका फडक्याला हात पुसत म्हणतात, "हे तुझं मत झालं. आकडा सांग."

आकडा आपल्याकडे असता तर आपण कशाला आलो असतो! पण पनवेलच्या जुन्या बाजारामागच्या त्या गॅरेजात ज्यूंच्या सुट्टीचा शनिवार सोडून कधीही जा, हाच पाहुणचार. मी कॉलेजात मराठी शिकवतो, म्हणजे माझं पोटच मतांवर भरतं. पहिल्या भेटीत मी चांगलाच भडकलो होतो.

मग काका खुंटीवरचा गेज काढतात. प्लग खोलून एकेका भोकात गेजची नळी बसवायची, स्टार्टर मारायचा आणि त्या सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो ते काट्यावर बघायचं. चारही आकडे खडूनं भिंतीवर लिहायचे. स्टार्टर मात्र मालकानंच मारायचा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून बसायचं, काकांनी "मार!" म्हटलं की किल्ली फिरवायची, "बास!" म्हटलं की सोडायची. यातून डॉक्टर सुटलेले नाहीत, वकील सुटलेले नाहीत. नेऱ्याहून भाजीची व्हॅन घेऊन येणारा हरीदादा एकदा कळवळून म्हणाला, "काका, मना घाई हाय, तुमीच मारा ना!" काका म्हणाले, "दोन माणसांचं काम आहे. बस."

पेट्रोलचा दाब बघायची तर आणखी तऱ्हा. किल्ली बंद केली की काका दहा मिनिटं काट्याकडे एकटक बघत राहतात. त्या वेळात कुणी बोलायचं नाही, चहा निवला तरी हात लावायचा नाही. "चालू असताना कुणीही जोर दाखवतो," ते म्हणतात. "बंद झाल्यावर दाब टिकतो का, ते बघ."

माणसांनाही ते याच मापानं मोजतात. "चारही सिलिंडर सारखे हवेत. आकडे थोडे कमी असले तरी चालतं. पण तीन पैलवान आणि एक आजारी असला, की सगळं इंजिन थरथरतं." आमच्या घरात आम्ही चौघं. आजारी कोण, हे त्यांनी नुसतं माझ्याकडे बघून सांगितलं.

मालकाला बसवायचा नियम तसा जुना नाही, हे मला पुढे कळलं. पूर्वी ते काम रिबेकाकाकू करायच्या. दुपारी डबा घेऊन यायच्या आणि कुणाच्याही गाडीत बसून किल्ली मारायच्या. दीड वर्षापूर्वी त्या गेल्या. मुलीनं, दीनानं, इस्रायलहून एक बटण पाठवलं. ते लावलं की बॉनेटपाशी उभं राहूनच स्टार्टर मारता येतो, एकट्याला टेस्ट करता येते. काकांनी ते खोक्यासकट कपाटात ठेवून दिलं. "एकट्यानं करायचं, तर 'मार' कुणाला म्हणू?" एवढंच म्हणाले.

काकूंची लहानशी निळी गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली तेव्हापासून उभी. दीना फोनवर सांगायची, "पप्पा, ती विकून टाका." काका म्हणायचे, "इंजिन बसलं असेल आता. कोण घेणार? भंगारातच जाईल." आणि ताडपत्री न उचलताच दुसऱ्याच्या गाडीकडे वळायचे. गावाला आकडा विचारणारा हा माणूस स्वतःच्या गाडीच्या आकड्याला घाबरत होता. काटा खाली राहिला, की काकूंची शेवटची वस्तू जाणार होती.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, हे तुमचं मत झालं. आकडा सांगा."

काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग रविवारी सकाळी फोन आला. "ये. बसायला माणूस पाहिजे."

गेलो तर ताडपत्री निघालेली, टाकीत नवं पेट्रोल, बॅटरी चार्ज केलेली. मी आत शिरलो तो गुडघे थेट स्टिअरिंगवर आदळले. काकू उंचीला जेमतेम पाच फूट. मी सीट मागे घ्यायला दांडीला हात घातला.

"सीटला हात लावू नकोस!" काका केवढ्यानं ओरडले! मी तसाच, हनुवटीपाशी गुडघे घेऊन बसलो.

"मार!... बास!" एकशे सत्तर. दुसरा एकशे अडुसष्ट. तिसरा एकशे दहा. काकांचा खडू भिंतीपाशीच थांबला. चौथा एकशे सत्तर. मग फट बुजते का बघायला त्यांनी तिसऱ्या भोकात चमचाभर ऑइल सोडलं. "मार!" काटा एकशे साठवर गेला.

"पिस्टनच्या रिंगा चिकटल्यात," काका म्हणाले. "मेलेल्या नाहीत. नुसतं बसून बसून चिकटल्यात. रोज थोडी चालवली की सुटतील." आणि त्यांनी त्याच तेलकट फडक्यानं डोळे पुसले. तोंडभर काळं झालं. मलाही भरून आलं, पण माझे गुडघे इतके दुखत होते की त्यांनी तेच कारण धरलं असावं.

प्लग बसवले. पेट्रोलचा दाब बघितला. किल्ली बंद केल्यावर दहा मिनिटं आम्ही दोघं काट्याकडे बघत होतो. तो हलला नाही.

मग काकांनी मला उतरवलं, वाकून त्या दांडीला स्वतः हात घातला आणि सीट मागे ढकलत मोजू लागले. "एक... दोन... तीन... चार." भिंतीवर आकड्यांखाली खडूनं लिहिलं : सीट चार खाचा पुढे.

"दीना डिसेंबरात येतेय," माझ्याकडे न बघता म्हणाले. "आईएवढीच उंची आहे तिची. तिला परत लावून द्यावी लागेल."

ते आत बसले. हात किल्लीवर ठेवला आणि तसेच बसून राहिले. किल्ली काही फिरेना. मी बॉनेटपाशी जाऊन उभा राहिलो आणि जमेल तेवढ्या त्यांच्याच आवाजात ओरडलो,

"मारा, काका!"