पराचा तळ

गावात भात मापायचे परे घरोघरी आहेत, पण खरा परा एकच, आणि तो आमचा! पोस्टमास्तर होतो तेव्हा हे मी तिकिटाबरोबर फुकट सांगायचो, निवृत्त झाल्यापासून नुसतंच सांगतो. चार नाळी म्हणजे एक इडंगळी, दहा इडंगळी म्हणजे एक परा. आमचा परा पणजोबांनी फणसाच्या लाकडाचा करून घेतला आणि अख्ख्या गावाने आपापली मापं त्यावर ताडून घेतली. म्हणूनच उत्सवात देवी हत्तीवर बसून निघाली की तिला वाहायचा पहिला परा आमच्या दारी भरतात.

हे शेजारच्या शंकुण्णीला बघवत नाही.

"मास्तर, तुमचा परा कुणी मापून पाहिलाय का हो कधी?" उत्सवाच्या आदल्या दिवशी त्याने कुंपणावरून विचारलं.

"उद्या देवीसमोर मापतो! दहा इडंगळी बसल्या नाहीत, तर पुढच्या वर्षीपासून पहिला मान तुझ्या दारी!"

मागे बायको, सरोजिनी, दचकली. "अहो, त्या पराचं जरा ऐकता का..."

"तुला मापातलं काय कळतं!"

"मी काढून देते ना माळ्यावरून."

"हात लावू नकोस! मीच काढणार."

काढला. चिंच लावून पितळी पट्ट्या घासल्या. आत डोकावलो तर तळ असा तपकिरी, तुकतुकीत, की पणजोबांच्या निवडीला मनातल्या मनात नमस्कार केला!

दुसऱ्या दिवशी देवीपुढचा ढोल, चेंडा, वाजू लागला. देवीला घेऊन कुट्टिकृष्णन हत्ती अंगणात उभा राहिला. मी निलविळक्कू, आमची उभी पितळी समई, पेटवली आणि सगळ्या गावादेखत इडंगळीने भात ओतू लागलो. शंकुण्णी मोठमोठ्याने मोजत होता.

सातव्या इडंगळीला पराला शीग आली!

आठवी ओतली ती सरळ माझ्या पायांवर. चेंडेवाल्यांचे हात थांबले.

"खोटा तळ!" शंकुण्णी ओरडला. "महाबली राजाच्या राज्यात खोटी मापं नव्हती म्हणतात. बरोबर आहे, तेव्हा मास्तरांचे पणजोबा जन्मले नव्हते!"

लोक हसले. पणजोबा चोर! मी चोराचा पणतू! आणि आजवर देवीला जो पहिला परा वाहिला तोही चोरीचा!

"अहो, तो तळ..." सरोजिनी पुढे आली.

"तळाचं नाव काढू नकोस!" मी जवळजवळ रडकुंडीला आलो होतो.

तेवढ्यात कुट्टिकृष्णनने सोंड लांब केली. मला वाटलं, भात खातोय. पण त्याने भाताकडे ढुंकूनही पाहिलं नाही. परा उचलला, उपडा केला आणि जमिनीवर दाणकन आपटला. आमच्या पराचा तळ निखळून बाहेर पडला! त्याला खाली केळीचं पान चिकटलेलं. अंगणभर गुळाचा, तुपाचा आणि वेलचीचा वास सुटला.

चक्कवरट्टी! पिकला फणस गुळातुपात आटवून केलेली, चाकीसारखी घट्ट थापलेली! हत्तीने ती पानासकट तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"कालपासून हेच सांगतेय," सरोजिनी म्हणाली. "डॉक्टरांनी तुमचं गोड बंद केलंय ना? म्हणून आटवलेला फणस तुमच्यापासून तिथे लपवला. घरात तुम्ही ज्याचं सारखं कौतुक करता, पण ज्याच्यात कधी हात घालत नाही, अशी तेवढीच एक वस्तू आहे."

आता शंकुण्णीनेच परा भरला. बरोबर दहा! शीगसुद्धा तीच, पणजोबांची! चेंडा पुन्हा वाजू लागला. लोक हात जोडत होते ते देवीला. मी मात्र आधी हत्तीला जोडले आणि मग, चारचौघांत, सरोजिनीला. खरंच सांगतो, डोळे भरून आले. माझ्या साखरेची माझ्यापेक्षा जास्त काळजी करणारं माणूस घरात होतं आणि मी त्याला एक वाक्य पुरं करू देत नव्हतो!

माहूत वेलायुधन हसत म्हणाला, "मास्तर, पहिला मान आता कायमचा तुमचाच. हा यापुढे दुसऱ्या दाराकडे वळणारच नाही!"

हत्तीचे आणि सरोजिनीचे, दोघांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. फक्त गेला पावसाळाभर मी घरातला एकेक डबा हुंगत फिरलो होतो, आणि त्या दोघांपैकी एकानेही माझ्यासाठी बोटभर चक्कवरट्टी ठेवली नाही!