गिरणीवाल्याने पुस्तक परत केले

सुरुवातीलाच माफी मागतो. माझी शाळा आठवीत सुटली, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ इकडचे तिकडे झाले असतील, आणि शब्दही साधेच आहेत. मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावात माझी पिठाची गिरणी आहे. दिवसभर तिच्या आवाजात उभा असतो, त्यामुळे बोलायची सवय कमी. (बायको म्हणते, विचार करायचीही.)

बायको, म्हणजे सुचिता, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. समाजशास्त्राचा एक पेपर तिचा मागे राहिला होता. तो या खेपेला निघाला नाही तर डिग्री अडकणार होती. पुस्तक बाजारात मिळेना. पण कॉलेजने वाचनालयाचं ॲप काढलं आणि त्यात ते सापडलं. तिचा फोन बटनांचा, म्हणून ॲप माझ्या फोनमध्ये टाकलं.

त्या ॲपची रीत अशी, की पुस्तक मोबाइलमध्ये असलं तरी एका वेळी एकालाच मिळतं. एकाने परत केलं की रांगेतल्या दुसऱ्याला. मला हे फार पटलं. आमच्या गिरणीवर दुसरा कायदा काय आहे? दळण झालं की डबा उचल, मागचे उभे आहेत.

शनिवारी सकाळी मी गिरणीवर होतो आणि फोन खिशात. त्यावर निरोप आला: 'आपल्या पुस्तकासाठी इतर वाचक रांगेत आहेत. वाचून झाले असल्यास कृपया परत करावे.' आदल्या संध्याकाळी सुचिताने फोन बाजूला ठेवून 'झालं बाई एकदाचं' म्हटलेलं मी ऐकलं होतं. मग आपल्या घरापायी लोकांनी का उभं राहावं? मी बटन दाबलं. ॲपने लिहिलं, 'धन्यवाद.' गिरणीवर मला आजवर कोणी धन्यवाद म्हटलं नव्हतं. त्या खुशीत मी तानुबाईची ज्वारी जरा जास्तच बारीक दळून दिली.

दुपारी जेवायला घरी गेलो.

"फोन द्या," सुचिता म्हणाली. "तीन धडे राह्यले."

"कायचे?"

"समाजशास्त्राचे. काल तो एक अवघड धडा झाला. सोमवारी पेपर हाय ना."

मी पाणी प्यायलो. मग आणखी प्यायलो.

"ते पुस्तक मी देऊन टाकलं."

"कोनाले?"

"मागच्याले."

"मागचा कोन?"

"ते काही दिसलं नाही. पन तो उभा होता."

आमची आई, वच्छलाबाई, चुलीजवळून म्हणाली, "काऊन रे भागवता, कोनाचं पुस्तक देल्लं तू?"

"अव मा, मोबाइलातलं."

"मंग मोबाइल तर तुह्या हातातच हाय."

हे आईला समजावून सांगायला मला जमलं नाही. (मला तरी कुठे समजलं होतं.) सुचिता रडली नाही, भांडलीही नाही. तिने माझ्यापुढून भाजीची वाटी उचलून नेली. मग तिने माझ्याच फोनवरून कॉलेजच्या ग्रुपवर विचारलं, की पुस्तक कोणाकडे गेलं. लगेच उत्तर आलं: 'सुचिताताई, माझ्याकडे. ऐन वेळी सोडलं, लई उपकार झाले. कामरान.' पुढे हात जोडल्याची तीन चित्रं.

"आता जा तुमी," ती म्हणाली, "आन् त्याले सांगा."

कामरानचं घर मोताळ्यात, खाली वेल्डिंगचं दुकान, वर राहायला. वाटभर मी वाक्य पाठ केलं. त्याच्या आईने, बानोचाचीने, चहा दिला. मी तो घेतला आणि म्हणालो, "पुस्तक नीट पोचलं ना, ते पाहाले आलतो."

"पोचलं भाऊजी," कामरान म्हणाला.

मी दुसरा चहा घेतला. शेवटी चाचीच म्हणाली, "बेटा, नुसतं चाय प्यायले कोनी इतक्या लांब येत नाही. बोल."

मी सगळं सांगितलं. कामरान इतका भला पोरगा, की म्हणाला, "मंग आत्ता परत करतो," आणि अंगठा बटनावर नेला. मी त्याचा हातच धरला. परत केलं असतं तर पुस्तक सुचिताकडे थोडंच येणार होतं? पुढचा नंबर त्यांच्याच वर्गातल्या पुष्पांजलीचा होता, हे कामरानच आधी बोलला होता; सुचिताने पुन्हा नाव घातलं तर ती पार शेवटी.

"ते पुस्तक हलवू नको," मी म्हटलं. "तूच हल. उद्या आमच्याकडं ये, संगच वाचा. इथं तर दिवसभर ठोकठोक. आमच्याकडं शांतता हाय."

गिरणीवाल्याने हे वाक्य बोलायला नको होतं.

रविवारी कामरान आला. रांगेत उभं राहण्यापेक्षा बरं म्हणून पुष्पांजलीही आली. आमच्या गावात नेट धड येतं ते फक्त गिरणीच्या ओट्यावर. तिघं तिथे बसले, आणि मला गिरणी बंद करावी लागली. मागून बाया डबे घेऊन येऊ लागल्या.

"काय झालं, मोटार जळली?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"अभ्यास चालू हाय," मी म्हणालो.

"कोनाचा? तुहा?"

त्यांच्या घरी पाहुणे आलेले, पीठ हवंच होतं, म्हणून त्या काही परत जाईनात. डबा टेकवून त्यावरच बसल्या. बाकीच्याही बसल्या. कामरान मोठ्याने वाचत होता: "ज्या कुटुंबात सर्व निर्णय पुरुष घेतो, त्यास पितृसत्ताक कुटुंब म्हणतात."

"हे कोन्या गावचं हाय?" सत्यभामाबाईंनी विचारलं, आणि ओटाभर हसू फुटलं.

"थांब पोरा, मले लिहू दे," सुचिता म्हणत होती, पण तीही हसत होती. पुढे प्रत्येक धड्याला बायांनी घरची उदाहरणं पुरवली. एक उदाहरण तर स्वतः तिथेच उभं होतं, पण कोणाच्या लक्षात आलं नाही. आई मात्र डब्यांची रांग राखत फिरत होती, आणि कोणी मोठ्याने बोललं की त्याचा डबा एक जागा मागे सरकवत होती. दिवस मावळता तिन्ही धडे संपले. मग मी गिरणी सुरू केली. रात्री जेवताना भाजीची वाटी माझ्यापुढे परत आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुचिताला गाडीवरून कॉलेजला सोडलं आणि पेपर सुटेपर्यंत गेटबाहेर लिंबाखाली बसून राहिलो. ती बाहेर आली तीच हसत.

"निघाला पेपर," ती म्हणाली. "मोठा प्रश्न आला, मानूस विचार न करता सवयीनं नियम कसा पाळतो, उदाहरन देऊन सांगा. म्या तुमचं देल्लं."

"नाव टाकलं?"

"पेपरात नाव टाकाची मनाई असते. 'एक गिरणीवाला' लिवलं."

माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात मागून कामरान आला आणि मान खाली घालून म्हणाला, "भाऊजी, म्याही तुमचंच लिवलं."

पुष्पांजली सगळ्यात शेवटी बाहेर आली. तिला मी काही विचारलं नव्हतं, तरी तिने सांगितलं, "मले तर पुरवणी घ्या लागली."