एक मतदार, एक उमेदवार

रविवार, जानेवारी १९६४. वेळ दुपारी तीन. आमच्या नंदुरबारच्या विज्ञान मंडळाच्या नियामक समितीची बैठक. हजर : अध्यक्ष वकीलसाहेब, खजिनदार शेठजी, चिटणीस म्हणजे मी, आणि विद्यार्थी प्रतिनिधी मगनभाऊ, उभे.

हा ‘उभे’ शब्द मी सात वर्षं इतिवृत्तात लिहिते आहे, कारण सात वर्षांत मगनभाऊ एकदाही खुर्चीवर बसले नाहीत. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून कपाटापर्यंत चालत राहायचं, घड्याळ पाहायचं आणि मध्येच थांबून म्हणायचं, “हाऊ मुद्दा विद्यार्थीसना शे. लिखी ल्या, बाई.” मुद्दा नव्या सतरंजीचा असला तरी तो विद्यार्थ्यांचाच असतो. सतरंजीवर उद्या विद्यार्थीच बसणार, असं ते पटवून देतात.

ही विद्यार्थ्यांची जागा आमच्याकडे आली ती वकीलसाहेबांच्या घाईमुळे. मंडळ काढताना त्यांनी मोठ्या शहरातल्या एका संस्थेची नियमावली जशीच्या तशी उतरवून घेतली. तिच्यात नववा नियम होता : पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्यातून निवडलेला एक प्रतिनिधी समितीवर असावा, जागा तीन महिने रिकामी राहिल्यास कायमची रद्द व्हावी. इथे एम.एस्सी. करणारं कोण सापडणार, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. पंधरा दिवसांत कळसाडीचे मगनभाऊ अर्ज घेऊन दारात उभे. गुजर शेतकऱ्याचा मुलगा. पुण्याच्या एका प्राध्यापकांच्या हाताखाली एम.एस्सी.चा प्रबंध लिहीत होते, विषय कपाशीवरची बोंडअळी.

आमच्या सभासदांत पदव्युत्तर विद्यार्थी ते एकटेच. म्हणजे मतदार एक, उमेदवार एक आणि दुसरं कुणी तयार नसल्यामुळे निवडणूक अधिकारीही तेच. तरीही दर वर्षी अर्ज भरणं, छाननी, माघारीची मुदत, पडद्यामागे जाऊन मतदान, सगळं रीतसर. एका वर्षी त्यांनी बिस्किटाच्या डब्यातून मतपत्रिका काढली, उघडली आणि चेहरा पाडला. सवयीनं त्यांनी खाली सही केली होती.

“गुप्त मतदानना भंग व्हयना,” ते म्हणाले. “मत बाद.”

“अरे भाऊ,” शेठजी म्हणाले, “मत तुमचं, उभे तुम्ही, मोजणारे तुम्ही. कुणापासून गुप्त?”

“म्हनीसन तर सांभाळनं पडस, शेठजी.”

पुढच्या रविवारी फेरनिवडणूक झाली आणि ते निवडून आले. शेठजींनी पेढे आणले. अधिकारी म्हणून मगनभाऊंनी ते नाकारले, उमेदवार म्हणून दोन खाल्ले.

तर त्या जानेवारीच्या बैठकीत माझ्या यादीत चौथा विषय होता पुण्याच्या प्राध्यापकांचं पत्र. मगनभाऊ उत्तर देत नाहीत म्हणून त्यांनी मंडळाला लिहिलं होतं. फेब्रुवारीअखेर प्रबंध आला नाही, तर विद्यापीठ नाव काढून टाकणार.

“सात वर्षं एक अळी?” वकीलसाहेब म्हणाले. “एवढ्यात तिची पणतवंडं संसाराला लागली असतील.”

मगनभाऊंनी घड्याळ पाहिलं. “मन्ही गाडी शे,” म्हणाले, आणि कपाटातून मंडळाचा एकुलता एक सूक्ष्मदर्शक पेटीसकट काढून चालू लागले. तो घरी नेण्याची मुभा फक्त समितीच्या सदस्यांना आहे. दर रविवारी ते नेतात, सोमवारी सकाळी आणून ठेवतात. प्रबंधासाठी लागत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

विषयासमोर निर्णय न लिहिता वही मिटणं माझ्यानं होत नाही. मी मागोमाग स्टेशनवर गेले. गाडी हलायच्या बेतात होती, म्हणून चढले. उतरलो ते खांडबाऱ्याला.

तिथल्या मुलींच्या वसतिगृहाच्या ओसरीवर डोंगरातल्या पाड्यांवरच्या वीसेक मुली रांगेत बसल्या होत्या. मगनभाऊंनी पेटी उघडली, कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवला. पहिली मुलगी बराच वेळ वाकून राहिली.

“भिंत आहे गुरुजी. विटांची.”

“कोणी बांधली?” मगनभाऊंनी विचारलं.

“कांद्यानं,” ती म्हणाली, आणि मागच्या मुलीनं तिला ढकललं.

परतीच्या गाडीची वाट पाहताना मी पत्र पुढे केलं. त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेला प्रबंध काढला. टंकलिखित, बांधलेला, पूर्ण. शेवटच्या प्रतिज्ञापत्रावर फक्त सही नव्हती.

“चार वरीस व्हयनात,” ते म्हणाले. “सही करी का मी विद्यार्थी नही. जागा रिकामी. तीन महिनामा खलास.”

“सूक्ष्मदर्शक मी आणीन इथे.”

“पेटी तुम्ही आनशात, बाई. पन समितीमा पोरीसनी बाजू बोलनार कोन?”

मग जयवंतीचं नाव निघालं. खांडबाऱ्याच्या त्याच ओसरीवर शिकलेली, कोकणी या आदिवासी जमातीतली मुलगी. आता धुळ्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. जूनमध्ये निकाल लागला की एम.एस्सी.ला जाणार. तोवर जागा राहिली पाहिजे. एकदा गेली की वकीलसाहेब पुन्हा देणार नाहीत, हे मलाही माहीत होतं.

“आणि तुमची पदवी?”

“कपाशी बिगर पदवीनी बी उगस.” ते हसले. मग रुळांकडे पाहत म्हणाले, “गावमा वाटस, मी दर वरीसले नापास व्हस. मायले बी तेच वाटस. सोयरीक येवानी बंद व्हयनी.”

मी पिशवीतून नियमावली काढली. ती माझ्याजवळ असतेच. नववा नियम, खालचं बारीक टिपण वाचून दाखवलं : जागा रिकामी झाल्याचा दिवस म्हणजे चिटणीसानं इतिवृत्तात नोंद केल्याचा दिवस. मगनभाऊंनी ते दोनदा वाचलं. माझ्याकडे पाहिलं. मी पेन दिलं.

फेब्रुवारीत प्रबंध पुण्याला पोचला. त्याच आठवड्यात त्यांचा राजीनामा आला, तीन प्रतींत. आता रविवारी पेटी मी काढते; स्टेशनपर्यंत आणि पुढे ती तेच उचलतात. दर बैठकीला वकीलसाहेब विचारतात, “मगनभाऊंच्या जागेचं काय?” आणि मी सांगते, “कागद बघते आहे.”

आज मे महिन्याचा शेवटचा दिवस. वार्षिक अहवाल छापून आला. सतरंजी धुऊन झाली. कपाटाला नवं कुलूप बसलं. सूक्ष्मदर्शकाची भिंगं पुसून घेतली. जयवंतीला प्रवेशाचा अर्ज धाडला. यादीत एकच काम उरलं आहे, मगनभाऊंचा राजीनामा इतिवृत्तात नोंदवणे. ते अजून झालेलं नाही.